काजळ, सुरमा आणि 'नैसर्गिक' नावाचं लेबल

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

एखाद्याला खडबडून जागं करायचं, त्याला खरं काय ते दाखवून द्यायचं, याला आपण 'डोळ्यांत अंजन घालणं' म्हणतो. अंजनाने नजर स्वच्छ होते, हा विश्वास आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे. गंमत अशी, की खुद्द अंजनाबद्दल मात्र आपली नजर फारशी स्वच्छ नाही. सण जवळ आले की आपल्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिराती फिरू लागतात. 'शंभर टक्के नैसर्गिक काजळ', 'केमिकल फ्री सुरमा', 'डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवणारं पर्यावरणपूरक अंजन, प्राचीन भारतीय पद्धतीचं'. खाली हात जोडलेले, पानं-फुलं, हिरवी अक्षरं.

माझा आक्षेप काजळाला नाही. 'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' आणि 'प्राचीन म्हणजे पारखलेलं' या दोन समजुतींना आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांचा इतिहास वाचला की या दोन्ही समजुती ढासळतात.

आधी जागा समजून घेऊ. पापणीची कातडी ही शरीरावरची सगळ्यात पातळ कातडी, साधारण अर्धा मिलिमीटर. पापणीच्या कडेला बारीक बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात. त्यांच्यातलं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा लगेच कोरडा पडत नाही. आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रूंची एक नळी नाकात उतरते. डोळ्यांत औषधाचा थेंब टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू लागतं, ते यामुळेच. म्हणजे डोळ्यांत जे घालतो ते डोळ्यांतच राहत नाही, काही भाग पोटात जातो. लहान मूल तर डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. सुरुवात इजिप्तपासून करावी लागते, कारण पुरावा सगळ्यात नीट तिथला तपासला गेला आहे.

थडग्यांत सापडलेल्या अंजनाच्या डब्या पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत. काहींच्या आत त्या काळची भुकटी अजून शिल्लक आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुकट्यांची तपासणी करून 1999 साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. नमुने इसवी सनापूर्वी सुमारे 2000 ते 1200 या काळातले होते. काळ्या भुकटीत मुख्य घटक होता गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. पण सोबत शिशाचे आणखी दोन पांढरे क्षार मिळाले, लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट. हे निसर्गात इतके दुर्मीळ, की खणून गोळा केले असण्याची शक्यता नाही. शिशाची भस्मासारखी पूड, मीठ आणि पाणी यांच्यावर बरेच दिवस प्रक्रिया करून ते बनवलेले होते.

थोडक्यात, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं अंजन हे चक्क 'केमिकल' होतं. मुद्दाम तयार केलेलं. 'जुने लोक सगळं निसर्गातलं वापरायचे, रसायनं नंतर आली' ही मांडणी अशी पहिल्याच पायरीवर निसटते.

2010 साली याच शास्त्रज्ञांच्या गटाने आणखी एक शोधनिबंध छापला. त्वचेच्या पेशींवर या शिशाच्या क्षारांची अगदी अल्प मात्रा टाकली तेव्हा पेशींनी नायट्रिक ऑक्साइड जास्त प्रमाणात तयार केलं. शरीराच्या जंतूंशी लढण्याच्या व्यवस्थेत हा वायू कामाला येतो. बातम्यांचे मथळे काय झाले असतील ते ओळखा: इजिप्तच्या राण्यांचं काजळ डोळ्यांना औषधी होतं! प्रयोग होता प्रयोगशाळेतल्या पेशींवर. वर्षानुवर्षं रोज डोळ्यांत शिसं घातल्यावर माणसाच्या मेंदूचं, मूत्रपिंडाचं काय होतं, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. पण अर्धी बातमी पुढे ढकलायला आपल्याकडे कधी कोणाला वेळ लागलाय?

आता आपल्या घरात येऊ. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांत अंजन घालण्याच्या तांब्याच्या काड्या मिळाल्या आहेत. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत सौवीरांजन सांगितलं आहे, आणि पाच किंवा आठ दिवसांनी एकदा रसांजन. रसांजन म्हणजे दारुहळदीचा काढा आटवून केलेला घट्ट अर्क. सौवीरांजन हे मात्र खनिज. नेमकं कोणतं, शिशाचं की अँटिमनीचं, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

सुश्रुतसंहितेचं उत्तरतंत्र तर मोठ्या प्रमाणात डोळ्यांच्या आजारांसाठीच आहे. तिथे अंजनाचे प्रकार आहेत: गोळीचं, अर्काचं, भुकटीचं. प्रत्येकाचं काम वेगळं: खरवडून काढणारं, भरून आणणारं, डोळा निवळणारं. आणि अंजन कधी घालू नये याची यादीही आहे. रडल्यावर नको, तापात नको, दारू प्यायलेल्याला नको, झोप न झालेल्याला नको. पुढे रसशास्त्रात तर खनिज अंजनं वापरण्याआधी त्यांचं शोधन करायला सांगितलं.

हे ग्रंथ काय सांगतात ते बघा. अंजन हे औषध आहे, ते पारखून, मात्रेने, माणूस बघून द्यायचं. आज 'प्राचीन' म्हणून विकणारे ग्रंथातलं नाव उचलतात आणि ग्रंथातली बंधनं मागे टाकतात. परंपरेचा आदर म्हणावा तर तो असा नसतो.

आता सुरम्याकडे वळू. अरबीत याला 'कुह्ल' म्हणतात. त्याला 'अल' लागून झालेल्या 'अल-कुह्ल' शब्दाचा युरोपात प्रवास होता होता अर्थ बदलत गेला आणि शेवटी त्याचा 'अल्कोहोल' झाला. आधी अतिशय बारीक भुकटी, मग कोणत्याही पदार्थाचा काढलेला अर्क, मग दारूचा अर्क. मुस्लिम समाजात सुरमा लावण्याला धार्मिक परंपरेचा आधार आहे आणि त्या परंपरेत नाव येतं ते 'इस्मिद'चं, ज्याचा अर्थ सहसा अँटिमनीचं खनिज असा लावला जातो.

गोची इथे आहे. अँटिमनीचं खनिज आणि शिशाचं खनिज दोन्ही करडी, चमकदार, दळल्यावर काळपट. डोळ्याला फरक कळत नाही. शिशाचं खनिज जास्त मुबलक आणि स्वस्त. त्यामुळे अँटिमनीच्या नावाखाली बाजारात शिसं येत गेलं. गॅलेनाच्या वजनात सुमारे 86 टक्के शिसं असतं. म्हणजे शुद्ध गॅलेनाच्या दहा ग्रॅमच्या पुडीत साडेआठ ग्रॅमहून जास्त शिसं.

1968 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डोळ्यांच्या प्रसाधनातून झालेल्या शिशाच्या विषबाधेवर लेख आला. दहा वर्षांनी, 1978 मध्ये, त्याच नियतकालिकात सुरमा आणि शिशाची विषबाधा यावर पुन्हा लेख आला. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या सामानातून सुरमाही गेला होता. मुलांच्या रक्तात शिसं का वाढतंय याचा माग काढताना डॉक्टर त्या डबीपर्यंत पोहोचले. शिसं इथल्या पोरांच्याही अंगात जात असणार, पण इथे रक्त तपासायचं कोण? अमेरिकेत तर अशा सुरमा-काजळाला प्रसाधन म्हणून परवानगीच नाही. मान्यताप्राप्त रंगद्रव्यांच्या यादीत त्याला जागा नाही.

शिसं इतकं वाईट का? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं. परिणाम होतो मेंदूवर. शिकण्याची गती मंदावते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. ताप नाही, पुरळ नाही, काही दिसत नाही. मग आपण म्हणतो, पोरगं अभ्यासात कच्चं आहे. त्याच्या डोळ्यांत काय घातलं होतं हे विचारायचं कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मागे एका आठवडी बाजारात सुरमा विकणाऱ्या एकाला मी विचारलं, "यात काय काय आहे हो?" तो हसून म्हणाला, "काय नाय साहेब, दगड हाय. एकदम नॅचरल." माणूस खोटं बोलत नव्हता. गॅलेना हा निसर्गातलाच दगड आहे. माझ्या सगळ्या पोस्टचा सारांश त्याने एका वाक्यात सांगितला असं समजा.

"पण आमच्या घरचं काजळ तसं नाही," असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. आमची आजी काजळ घरीच धरायची. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या कापडाची वात, एरंडेलाचा दिवा, त्यावर उपडं घातलेलं तांब्याचं ताम्हन. सकाळी ताम्हनाला धरलेली काजळी खरवडायची, लोणकढ्या तुपात घोटायची आणि पितळेच्या डबीत भरायची. यात खनिज नाही, त्यामुळे शिसं असण्याचं कारण नाही. ती डबी पिढ्यान्‌पिढ्या टिकायची. खरं पर्यावरणपूरक कोणाला म्हणायचं असेल तर त्या डबीला म्हणा, चार महिन्यांत कचऱ्यात जाणाऱ्या प्लास्टिकच्या कांडीला नव्हे.

तरीही घरच्या काजळाचा दुसरा धोका होता, आणि तो म्हणजे बोट. एकाच बोटाने, एकाच काडीने घरातल्या चार पोरांच्या डोळ्यांत काजळ जायचं. एकाचे डोळे आले की चौघांचे येणार. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, हा डोळ्यांचा संसर्ग असाच बोटांतून, कापडातून, माश्यांतून पसरायचा. पापण्या आतल्या बाजूने खडबडीत व्हायच्या, केस आत वळून बुबुळावर घासायचे आणि माणूस आंधळा व्हायचा. देशात अंधत्वाच्या मोठ्या कारणांपैकी ते एक होतं. 1963 साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1976 साली तो अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सामील झाला. औषधं, पाणी, चेहऱ्याची स्वच्छता, दुसऱ्याची काजळकाडी-टॉवेल वापरू नका ही शिकवण, असं साठ वर्षं चाललं. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमा संपला. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण आपल्या किती ग्रुपवर ती बातमी फिरली? काळी वर्तुळं घालवण्याचे उपाय मात्र रोज फिरतात.

आता कायद्याकडे येतो, कारण खरा धडा तिथे आहे.

अमेरिकेत 1906 चा अन्न-औषध कायदा होता, पण त्यात प्रसाधनं नव्हती. 1930च्या दशकात तिथे 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या-भुवया रंगवायचा रंग विकला जाई. त्यात पॅराफिनिलिनडायअमिन हे रसायन होतं. काही बायकांचे डोळे भयंकर सुजले, एकीची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला. सरकारी अधिकाऱ्यांना हे सगळं दिसत होतं, पण माल जप्त करायचा अधिकार कायद्यात नव्हता. त्यांनी मग अशा उत्पादनांचं आणि त्यांच्या बळींच्या फोटोंचं एक प्रदर्शनच मांडलं. वर्षानुवर्षं वाद झाल्यावर 1938 साली नवा कायदा आला. त्याखाली जप्त झालेला पहिला माल लॅश ल्यूरच होता. हेच रसायन आजही काळ्या केसरंगांत असतं. झटपट काळी रंगणारी 'मेंदी' भुवयांना लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मेंदीचा स्वतःचा रंग काळा नसतो.

आपल्याकडे 1940 चा कायदा मुळात फक्त औषधांचा होता. 1962 च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधनं आली आणि नाव झालं 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा'. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरून प्रसाधन बनवायला आणि आयात करायला बंदी आहे. प्रसाधनातल्या रंगद्रव्यात शिशाची मर्यादा आहे दहा लाखांत 20 भाग. गॅलेनाच्या सुरम्यात ते दहा लाखांत साडेआठ लाखांच्या वर जातं! घराच्या भिंतीला लावायच्या रंगातही 2017 पासून शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग आहे. भिंतीची काळजी कायद्याने घेतली, हे चांगलंच झालं. पोरांच्या डोळ्यांची काळजी बाजारात उतरायची अजून बाकी आहे.

पाऱ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 2020 साली आलेल्या प्रसाधन नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनात टिकाऊपणासाठी पारा दहा लाखांत 70 भागांपर्यंत चालेल असं ठरलं होतं, इतर प्रसाधनांत नकळत आलेला फक्त 1 भाग. नाजूक जागेलाच सवलत जास्त! कारण असं, की डोळ्यात जंतू गेले तर डोळा जातो, आणि पारा जंतू मारतो. 2013 च्या मिनामाता करारातही डोळ्यांच्या प्रसाधनांना अशी सूट होती. 2023 साली जिनिव्हाच्या परिषदेत ती काढून 2025 ची मुदत ठरली. यातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. जंतुनाशक अजिबात नसलेलं 'केमिकल फ्री' काजळ हे आपोआप चांगलं होत नाही, त्यात बुरशी-जंतू वाढू शकतात. आणि पारा हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

बरं, 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'इको-फ्रेंडली' हे शब्द तरी कोणीही कसेही छापावेत का? नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. असे मोघम शब्द वापरायचे तर नेमका अर्थ सांगा आणि पुरावा द्या, असं त्या सांगतात. नियम आहे. तो वापरणारा ग्राहक हवा.

म्हणून काही साध्या गोष्टी.

एक. बाळाच्या डोळ्यांत काहीही घालू नका. ना सुरमा, ना काजळ, ना मध, ना गुलाबपाणी. आशाताईंना प्रशिक्षणात हेच शिकवतात, त्यांचं ऐका. त्यांच्याशी वाद घालणाऱ्या आज्यांना प्रेमाने समजवा. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर घरच्या दिव्याच्या काजळाची लावा, कानामागे किंवा तळपायाला. दृष्टीला तेवढ्याने कळेल.

दोन. दगडाचा सुरमा, सुट्या पुडीतला असो की चकचकीत डबीतला, प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय घेऊ नका. हा कोणाच्या धर्माचा प्रश्न नाही. शिसं आडनाव विचारत नाही.

तीन. मोठ्यांनी काजळ जरूर लावावं, पण विकतची डबी उलटी करून वाचावी. घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत. यातलं काही नसेल तर परत ठेवा. पापणीच्या आतल्या कडेवर लावलं की तेलग्रंथींची तोंडं बुजतात, म्हणून बाहेरच्या बाजूने लावा. रात्री पुसून झोपा. आपली कांडी दुसऱ्याला देऊ नका, मैत्रीण असली तरी.

चार. डोळ्यांखाली लिंबू, टूथपेस्ट, कच्ची हळद चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. काळी वर्तुळं बऱ्याचदा घराण्यातून येतात, कधी अॅलर्जीने डोळे चोळल्यामुळे, कधी जागरणामुळे. स्वच्छ ओला गार कपडा, पुरेशी झोप, उन्हात टोपी किंवा गॉगल, आणि चोळणं बंद. याहून नैसर्गिक, पर्यावरणपूरक आणि फुकट काही नाही. काकडी ठेवायची तर ठेवा, तिचा गारवा बरा वाटतो. उरलेली कोशिंबिरीत घाला.

आणि एक मागणी. आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजार, जत्रा आणि उरुसांतल्या सुरमा-काजळाचे नमुने घ्यावेत, शिशासाठी तपासावेत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. दिवाळीत खवा तपासतात, तेव्हा हेही तपासता येईल. मी लेखी अर्ज देणार आहे. एकट्याचा अर्ज फाइलीत जातो, पन्नास जणांचा गेला तर बाहेर येतो. सही करायची तयारी असेल त्यांनी कळवा. फसव्या दाव्याची तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. लक्षात ठेवायला सोपा.

पोस्ट पटली तर नाव ठेवून किंवा नाव काढून पुढे पाठवा, हरकत नाही. आधी ज्या घरी बारसं झालंय किंवा व्हायचंय, त्या घरी पाठवा.